तेलाच्या धंद्यात माणसे कमी लागत असतील, तर मुलीने तिकडे जावे का?

खारघरहून एका पालकांचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी बारावी विज्ञान शाखेत शिकते आणि तिला पेट्रोलियम इंजिनिअरिंगला जायचे आहे. वडिलांनी एका कंत्राटदाराकडे इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन म्हणून समुद्रातील प्लॅटफॉर्मवर चौदा दिवस काम आणि चौदा दिवस घर अशी अनेक वर्षे काढली. ते लिहितात, "आमच्या वेळी विहिरीवरचा गोल कागद बदलायला बोटीने जावे लागे. आता सगळे आकडे किनाऱ्यावर बसून दिसतात. यंत्रेच सर्व करणार असतील तर माझ्या मुलीला तिथे काम उरेल का?"

सप्रेम नमस्कार.

विहिरीतील दाबाची रेघ ज्यावर उमटत असे, त्या गोल कागदाचा आपण उल्लेख केला आहे; तिथूनच सुरुवात करतो. मुंबई हायसारख्या जुन्या क्षेत्रात पुष्कळ विहिरींतून तेल आता आपल्या दाबाने वर येत नाही; नळीत गॅस सोडून तेलाचा स्तंभ हलका करावा लागतो, ज्याला आपण गॅस लिफ्ट म्हणता. गॅस कमी पडला तर स्तंभ जड राहतो, आणि जास्त झाला तर नळीतील जागा गॅसच अडवतो व घर्षण वाढते. त्यामुळे प्रत्येक विहिरीचे एक नेमके प्रमाण असते, आणि विहिरीचे वय व तिच्यातील पाणी वाढेल तसे ते बदलत जाते. कागदावरची रेघ हे सांगत असे, पण कागद उतरवून कुणी वाचेपर्यंत विहिरीने आपला स्वभाव बदललेला असे. आता सेन्सरचे आकडे सतत येतात आणि अनेक ठिकाणी व्हॉल्व्ह दुरून फिरवता येतो. विहीर तीच आणि गॅसही तेवढाच, तरी तेल अधिक मिळते. कार्यक्षमता म्हणतात ती मुख्यतः ही. यात कागद बदलणाऱ्याचे काम गेले हे खरे आहे. प्रमाण ठरवणाऱ्याचे काम मात्र वाढले, कारण पूर्वी क्वचित घ्यावा लागणारा निर्णय आता रोज घेता येतो.

खोदाईतही असेच घडले. १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या समुद्रात विहिरी खोदणाऱ्या तरंगत्या मंचाने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर मुंबई हायचे तेल शोधले आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. आज विहीर खाली जाऊन आडवी वळवतात आणि काही मीटर जाडीच्या चुनखडीच्या थरातून लांबवर नेतात. छिद्र पाडणाऱ्या बिटच्या मागे बसवलेली उपकरणे खडकाचा अंदाज घेतात आणि तो निरोप वर पाठवतात, तोही तारेने नव्हे, तर खोदाईच्या मडमधील, म्हणजे विहिरीत फिरवल्या जाणाऱ्या चिखलासारख्या द्रवातील, दाबाच्या ठोक्यांनी. या मार्गाने मोबाईलमधला एक फोटो पाठवायचा म्हटले तर कित्येक दिवस लागतील! एवढ्याशा माहितीवरून बिट वर घ्यावे की खाली, हे ठरवणारा माणूस लागतोच. (तो 'सागर सम्राट'ही भंगारात गेला नाही; फिरते उत्पादन केंद्र म्हणून २०२२ मध्ये तो पुन्हा कामाला लागला.)

आपली भीती मात्र मी खोटी ठरवणार नाही. अमेरिकेत २०१४ च्या शरद ऋतूत तेलाचे सुमारे १,६०० रिग, म्हणजे विहिरी खोदणारे संच, चालू होते. भाव कोसळल्यावर मे २०१६ पर्यंत ते ३०० च्या थोडे वर उरले, आणि तरीही उत्पादन साधारण दहा टक्क्यांनीच घटले. २०२३ मध्ये तिथे दिवसाला सुमारे १ कोटी २९ लाख बॅरलचा विक्रम झाला, तेव्हा रिग २०१४ च्या निम्म्याहूनही कमी होते. त्या मंदीत हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या आणि रिगवरच्या सगळ्या जागा पुन्हा भरल्या गेल्या नाहीत.

आपल्याकडचे गणित थोडे निराळे आहे. देश आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो, आणि जगभरच्या सरासरीने पाहता सापडलेल्या तेलापैकी साधारण एकतृतीयांशच वर निघते. उरलेले काढण्यासाठी मेहसाणा भागात घट्ट तेलाचा काही भाग जमिनीखालीच पेटवतात, तर बाडमेरला पॉलिमरमिश्रित पाणी सोडतात. मुंबई हायसाठीही ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीने २०२५ मध्ये बीपी या कंपनीला तांत्रिक मदतीसाठी घेतले. आपल्या मुलीला काम मिळालेच तर बहुधा नव्या विहिरीपेक्षा अशा म्हाताऱ्या विहिरींवर मिळेल.

आता शाखेविषयी. धनबादची आयआयटी किंवा अमेठी जिल्ह्यातील राजीव गांधी पेट्रोलियम संस्था यांसारख्या ठिकाणी प्रवेश मिळत असेल, तर पेट्रोलियम शाखा जरूर घ्यावी. ते न जमल्यास केवळ नावासाठी कुठेतरी भरमसाट फी भरून ती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. भाव पडले की त्या पदवीला दुसरे दार उघडायला वेळ लागतो. त्यापेक्षा घराजवळच्या चांगल्या महाविद्यालयात केमिकल, मेकॅनिकल किंवा इन्स्ट्रुमेंटेशन घ्यावे, सोबत प्रोग्रामिंग आणि संख्याशास्त्र पक्के करावे आणि गेट परीक्षा द्यावी. ओएनजीसीने या शाखांचे अभियंतेही गेटच्या गुणांवर घेतले आहेत, आणि तिच्या दोन तांत्रिक संस्था तर आपल्या शेजारी पनवेललाच आहेत. मुलगी म्हणून तिला हे झेपेल का, असे आपण विचारले नाहीत, याचे बरे वाटले.

एक विनंती आहे. जुना एखादा गोल कागद घरी राहिला असेल, तर तो तिच्यापुढे ठेवावा. नळीच्या दाबाची रेघ जिथे करवतीच्या दात्यांसारखी वरखाली झाली आहे, ती जागा दाखवावी आणि तिथे विहिरीत काय चालले असेल ते तिलाच विचारावे. उत्तर लगेच सांगू नये. ती किती वेळ त्या कागदाशी बसते, ते पुढील पत्रात अवश्य कळवावे.