डेंग्यूत प्लेटलेट्स ३८ हजार: चढवायच्या की थांबायचं?

तुमचे डॉक्टर बरोबर सांगतायत. आधी हे एवढं मामांना वाचून दाखवा, बाकीचं नंतर.

तुम्ही लिहिलंय की धाकट्या भावाला डेंग्यू, आज पाचवा दिवस, ताप उतरलाय, प्लेटलेट्स ३८ हजार, कुठूनही रक्त येत नाहीये, डॉक्टर म्हणतात वाट बघू आणि घरचे, विशेषतः मामा, म्हणतात पिशव्या आणा, चढवून टाका, विषाची परीक्षा कशाला. आणि यावर खरंच काही संशोधन झालंय का की डॉक्टर नुसतंच थांबवतायत, असं विचारलंय. मी डॉक्टर नाही, नाशिकला ब्लड बँकेत टेक्निशियन आहे, चौदा वर्षं झाली, त्यामुळे भावाची ट्रीटमेंट काय करायची ते सांगायचा मला अधिकार नाही, पण प्लेटलेट्सच्या पिशवीबरोबर मी रोज आठ-दहा तास असते त्यामुळे तिच्याबद्दल बोलू शकते.

पहिली गोष्ट, प्लेटलेट्स म्हणजे पांढऱ्या पेशी नव्हेत. आमच्याकडे दहातले सहा नातेवाईक येऊन "पांढऱ्या पेशी द्या" म्हणतात. डेंग्यूत पांढऱ्या पेशीही कमी होतात म्हणून हा घोळ होत असावा, पण त्या वेगळ्या, आणि वाहणारं रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट्स (शाळेच्या पुस्तकातल्या रक्तपट्टिका) वेगळ्या. नॉर्मल काउंट दीड लाख ते साडेचार लाख. ही रेंज बघितली की ३८ हजार म्हणजे माणूस गेलाच असं वाटतं, ते साहजिक आहे. पण शरीराने हा साठा भरपूर जास्तीचा ठेवलेला असतो.

दुसरी गोष्ट, बर्फ. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रात्री दोनला माणूस येतो, हातात फॉर्म, काखेत थर्मासचा डबा, डब्यात बर्फ गच्च भरलेला, आणि मी म्हणते दादा बर्फ टाकून द्या आधी. त्याला वाटतं बाईला झोप अनावर झालीय. रक्ताची पिशवी थंडच न्यायची असते पण प्लेटलेट्सची नाही, ती २० ते २४ डिग्रीला ठेवायची आणि सतत हलवत ठेवायची, त्यासाठी अॅजिटेटर नावाचं मशीन असतं, ट्रे दिवसरात्र इकडून तिकडे सरकत असतात, त्याचा तो खर्रखर्र आवाज आता मला घरीसुद्धा ऐकू येतो. एकदा एका हॉस्पिटलात (नाव नको) आमच्या चार पिशव्या वॉर्डच्या फ्रिजमध्ये ठेवल्या गेल्या, औषधांच्या शेजारी, आणि सकाळी फोन की "परत घेता का?" चार माणसांनी दिलेलं रक्त होतं ते. कुठून परत घेणार.

थंड का चालत नाही याची गोष्ट मजेशीर आहे. साठच्या दशकापर्यंत सगळे प्लेटलेट्स फ्रिजमध्येच ठेवायचे, रक्त ठेवतात म्हणून. १९६९ मध्ये अमेरिकेत मर्फी आणि गार्डनर या दोघांनी दाखवलं की ४ डिग्रीला ठेवलेल्या प्लेटलेट्स पेशंटच्या अंगात गेल्यावर फार लवकर नाहीशा होतात आणि २२ डिग्रीला ठेवलेल्या कितीतरी जास्त टिकतात. तेव्हापासून जगभर रूम टेंपरेचर. नंतर २००३ च्या सुमारास कारण सापडलं, थंडीने प्लेटलेट्सच्या अंगावरचे काही रिसेप्टर (पृष्ठभागावरची प्रथिनं) गोळा होतात आणि लिव्हरमधल्या पेशी त्यांना ओळखून गिळून टाकतात. पण रूम टेंपरेचरचा तोटा असा की एखादा बॅक्टेरिया चुकून पिशवीत शिरला तर त्याचीही चंगळच. म्हणून पाच दिवस. पाचव्या दिवसाच्या रात्री बारानंतर ती पिशवी कितीही चांगली दिसली तरी मी ती टाकूनच देते. (गंमत म्हणजे चक्र उलटं फिरतंय, २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) थंड ठेवलेल्या प्लेटलेट्स १४ दिवसांपर्यंत वापरायला वाट करून दिली, पण फक्त चालू रक्तस्रावासाठी आणि नेहमीच्या प्लेटलेट्स मिळत नसतील तर. रक्त थांबवायला त्या चालतात, लवकर गिळल्या गेल्या तरी तोवर काम झालेलं असतं.)

पिशवी चांगली आहे का हे मी कसं बघते सांगू? पिवळसर, पातळ ताकासारखं दिसतं ते, ५०-७० एमएल. ट्यूबलाइटसमोर धरून हलकेच हेलकावा द्यायचा. जिवंत प्लेटलेट्स चपट्या तबकडीसारख्या असतात, त्यामुळे आत रेशमी कापडावर उजेड फिरल्यासारख्या चमकत्या लाटा उठतात, आम्ही त्याला स्वर्लिंग म्हणतो. मेलेल्या किंवा गोल झालेल्या असतील तर नुसतं गढूळ पाणी. त्या फ्रिजवाल्या चार पिशव्या मी मुद्दाम मागवून घेऊन बघितल्या होत्या, चारही गढूळ.

आता तुमचा खरा प्रश्न, किती काउंटला चढवायच्या. "२० हजाराखाली गेलं की चढवा" हा आकडा तुम्ही ऐकला असेलच. तो डेंग्यूतून आलेलाच नाही, तो आलाय ब्लड कॅन्सरच्या मुलांकडून. साठच्या दशकाच्या सुरवातीला अमेरिकेत बेथेस्डाला डॉ. फ्रायराइख ल्युकेमियाच्या मुलांच्या वॉर्डात काम करायचे, तिथे मुलं रक्तस्रावाने जायची, उशा-चादरी रक्ताने भिजायच्या. त्यांच्या टीमने १९६२ मध्ये काउंट आणि रक्तस्राव यांचं नातं मांडलं: काउंट जितका खाली तितका धोका जास्त, पण अमुक एका आकड्याच्या खाली गेलं की धडाधड रक्त सुरू होतं अशी रेघ काही सापडली नाही. मोठा रक्तस्राव २० हजाराच्या वर क्वचित दिसला एवढंच, आणि लोकांनी तोच आकडा धरून ठेवला. त्यातून तेव्हा तापाला अॅस्पिरिन सर्रास द्यायचे, आणि अॅस्पिरिन प्लेटलेट्सना लुळं करतं हे अजून कळायचं होतं. म्हणजे ज्या आकड्यावरून आपल्याकडे मामा-काका भांडतात त्याचा पाया हा असा.

१९९७ मध्ये इटलीत ल्युकेमियाच्याच पेशंटवर २० ऐवजी १० हजार लावून बघितलं, मोठा रक्तस्राव वाढला नाही, पिशव्या वाचल्या. तेव्हापासून कॅन्सरमध्ये १० हजार.

डेंग्यूवरचा अभ्यास तर तुमच्या घरच्या वादासाठीच केल्यासारखा आहे. सिंगापूर आणि मलेशियातल्या हॉस्पिटलांनी मिळून केला, २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. ३७२ मोठी माणसं, सगळ्यांचा काउंट २० हजार किंवा त्याहून खाली, म्हणजे तुमच्या भावापेक्षा निम्मा. अर्ध्यांना प्लेटलेट्स चढवल्या, अर्ध्यांना नाही, बाकी देखभाल सारखीच. रक्तस्राव झाला चढवलेल्यांत २१ टक्के आणि न चढवलेल्यांत २६ टक्के, आकडेशास्त्राच्या हिशोबाने हा फरक धरण्यासारखा नाही. आणि त्रास झाल्याच्या घटना, अंगावर पित्त उठण्यापासून ते गंभीर रिअॅक्शनपर्यंत, चढवलेल्यांत १३ आणि न चढवलेल्यांत २. मामांना हे दोन आकडे सांगा, १३ आणि २. आपल्या राष्ट्रीय गाइडलाइनमध्येही रक्तस्राव नसेल तर १० हजाराच्या खाली गेल्यावरच विचार करा असं आहे.

मला विचाराल तर यात आश्चर्य काहीच नाही, कारण डेंग्यूत शरीर स्वतःच्या प्लेटलेट्स ज्या कारणाने मारत असतं त्याच तडाख्यात बाहेरून आलेल्याही सापडतात. एक आरडीपी, म्हणजे एका माणसाच्या रक्तातून काढलेली पिशवी, एरवी पाच-दहा हजार काउंट वाढवते, डेंग्यूत सकाळी चार चढवून संध्याकाळी जैसे थे असे रिपोर्ट मी कितीतरी बघितलेत. मग नातेवाईक परत काउंटरवर, अजून चार द्या. आणि दोन दिवसांनी काउंट आपोआप चढायला लागतो, तो सहसा सहाव्या-सातव्या दिवसानंतर चढतोच, आणि श्रेय पिशवीला नाहीतर पपईच्या पानाच्या रसाला.

खरी भीती दुसरीकडे आहे आणि तिच्याबद्दल कोणी मला फोनवर विचारत नाही. डेंग्यूत बारीक रक्तवाहिन्या गळक्या होतात, रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, रक्त घट्ट होतं, बीपी पडतं. हे नेमकं ताप उतरल्यावरच्या एक-दोन दिवसांत होतं, म्हणजे तुमच्याकडे आत्ता. त्यामुळे रिपोर्टमध्ये प्लेटलेट्सच्या वर पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट (म्हणजे रक्त किती घट्ट आहे तो आकडा) लिहिलेलं असतं ते कालपेक्षा वाढलंय का ते डॉक्टरांना विचारा. पोट सारखं दुखणं, उलट्या थांबत नाहीत, हातपाय गार, लघवी कमी, पोरगं एकदम सुस्त किंवा अस्वस्थ, हिरड्यांतून-नाकातून रक्त, काळी शी, यातलं काहीही दिसलं तर काउंट ८० हजार असला तरी तडक सांगा. आणि तापाला फक्त पॅरासिटामॉल, अॅस्पिरिन-आयबुप्रोफेन-कॉम्बिफ्लाम काही नको.

अजून एक, काउंट एकदम दचकवणारा आला तर लॅबला स्मिअर, म्हणजे काचेवर रक्ताचा थेंब पसरून मायक्रोस्कोपखाली, बघायला सांगा. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या ईडीटीए या रसायनामुळे काही जणांच्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात, मशीन गुठळीला प्लेटलेट मोजतच नाही, आणि रिपोर्ट येतो १२ हजार. मागच्या वर्षी एक आजोबा, रिपोर्ट ९ हजार, मुलगा रडत आमच्याकडे, आमच्या सरांनी स्लाइड बघितली तर गुठळ्याच गुठळ्या, निळ्या झाकणाच्या सायट्रेट (गोठणं थांबवणारं दुसरं रसायन) ट्यूबमध्ये परत घेतलं तर १ लाख ४० हजार.

तरीही समजा गरज पडलीच, रक्तस्राव सुरू झाला आणि डॉक्टरांनी एसडीपी सांगितली, तर ती एकाच माणसाकडून मशीनवर काढतात, तास-दीड तास लागतो, एक एसडीपी म्हणजे साधारण सहा आरडीपी, खर्च दहा-अकरा हजाराच्या घरात. आत्ताच दोन डोनर बघून ठेवा, हे मामांना काम द्या म्हणजे तेही गप्प बसतील. हाताची शीर चांगली जाड हवी, त्याचा स्वतःचा काउंट दीड लाखाच्या वर हवा, आणि गेल्या तीन दिवसांत अॅस्पिरिन घेतलेली नको, डोकेदुखीच्या कितीतरी गोळ्यांत ती असते आणि लोक सांगायला विसरतात. उपाशीपोटी पाठवू नका. मशीन चालू असताना ओठांना मुंग्या आल्यासारखं वाटतं, ते मशीनमध्ये वापरतात त्या सायट्रेटमुळे रक्तातलं कॅल्शियम खाली जातं म्हणून, डोनरला सांगा की वाटलं तर लगेच बोल, आम्ही कॅल्शियमची गोळी देतो आणि स्पीड कमी करतो.

आणि पिशवी न्यायला याल तेव्हा बर्फ आणू नका.