ग्रॅम्बलिंगचा १९४६ पूर्वीचा फुटबॉल : तक्ता का जुळत नाही

नमस्कार.

अमेरिकेतील लुइझियाना राज्यातल्या ग्रॅम्बलिंग स्टेट या कृष्णवर्णीयांसाठी उभ्या राहिलेल्या विद्यापीठाच्या (अमेरिकन) फुटबॉल संघावर मराठीत दीर्घ लेख लिहायला घेतल्याचे तुम्ही कळवले आहे. प्रशिक्षक एडी रॉबिन्सन यांचा १९४१ चा पहिला हंगाम सगळीकडे तीन विजय आणि पाच पराभव असा दिलेला असतो, पण जुन्या वृत्तपत्रांतून तुम्ही जमवलेल्या सामन्यांची बेरीज काही केल्या तशी येत नाही, आणि एका कार्यालयाने तर १९४६ पूर्वी फुटबॉलची नोंदच नसल्याचे लेखी कळवले आहे, ही तुमची अडचण. सोबत जोडलेल्या तक्त्याच्या तिसऱ्या ओळीत प्रतिस्पर्धी म्हणून 'लुइझियाना पॉलिटेक्निक' हे नाव दिसले आणि मी तिथेच थांबलो, कारण हीच ओळ काही वर्षांपूर्वी माझ्या लेखात, एका महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी अंकात, छापून आलेली आहे.

आधीच सांगतो की मी इतिहासाचा अभ्यासक नाही. रस्टन येथे शिकायला आलो, पुढे नोकरीही उत्तर लुइझियानातच मिळाली, आणि अवघ्या पाच मैलांवर असलेल्या ग्रॅम्बलिंगच्या सामन्यांना जाता जाता हा छंद जडला. त्यामुळे खाली जे लिहितो आहे ते एका हौशी माणसाच्या अनुभवापुरते समजावे. खेळाचे नियम आणि ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठे म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊकच आहे, म्हणून ते गाळतो.

पहिली गोष्ट कार्यालयाच्या पत्राची. मलाही अगदी असेच पत्र आले होते. शुल्क भरून, अर्ज करून, दोनदा आठवण करून दिल्यावर अकराव्या आठवड्यात एक ओळ आली, की ग्रॅम्बलिंग कॉलेज या नावाखाली १९४६ पूर्वीच्या फुटबॉलची कोणतीही नोंद आढळत नाही. या उत्तरात एक अक्षरही खोटे नाही, आणि मला राग येतो तो त्याचाच. १९४६ पूर्वी त्या नावाची संस्थाच अस्तित्वात नव्हती. १९०१ मध्ये परिसरातील कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या विनंतीवरून कृष्णवर्णीयांचे शिक्षणनेते बुकर टी. वॉशिंग्टन यांनी अलाबामातल्या त्यांच्या टस्कीगी संस्थेतून चार्ल्स ॲडम्स यांना पाठवले आणि शाळा उभी राहिली. पुढे तिची नावे बदलत गेली, आणि १९२८ पासून १९४६ पर्यंत ती 'लुइझियाना निग्रो नॉर्मल अँड इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट' होती ('नॉर्मल' म्हणजे शिक्षक घडवणारी संस्था). ग्रॅम्बलिंग हे आडनाव शाळेला जमीन देणाऱ्या गोऱ्या लाकूडगिरणीमालकाचे, आणि 'स्टेट युनिव्हर्सिटी' हे बिरुद १९७४ चे. खिडकीपलीकडे बसलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. 'जुन्या नावाने अर्ज करा' एवढे चार शब्द त्या पत्रात असते, तर माझा एक अख्खा उन्हाळा वाचला असता. पण सरकारी दप्तराचा स्वभाव आपल्याकडे काय आणि इथे काय, विचारले तेवढ्याचेच उत्तर देण्याचा. हा वैताग इथेच थांबवतो.

जुने नाव मला सापडले ते माझ्या घरमालकीणबाईंच्या दिवाणखान्यात. त्यांच्या आईचे शिक्षिकेचे प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत लावलेले होते, कागद कडेने चहाच्या रंगाचा झालेला, आणि वरच्या कमानीत संस्थेचे ते लांबलचक नाव. वर्षभर मी त्या चौकटीखालच्या खुर्चीत बसून भाड्याचा धनादेश लिहीत होतो आणि मान वर करून ते वाचले नव्हते. संस्था तेव्हा मुख्यतः ग्रामीण शाळांसाठी शिक्षक घडवत असे, त्यामुळे त्या भागातल्या जुन्या घरांत अशी प्रमाणपत्रे असतात. तुमच्या ओळखीचे कोणी तिकडे असेल तर भिंतींकडे जरूर पाहायला सांगा.

आता माझी घोडचूक, जिच्यासाठी हे सगळे लिहितो आहे. जुने नाव हाती लागल्याच्या आनंदात मी वृत्तपत्रांच्या डिजिटल संग्रहात शोध घेतला. एवढे मोठे नाव मथळ्यात कोण छापणार, म्हणून संघाचा उल्लेख 'लुइझियाना नॉर्मल' असा होत असणार हा माझा तर्क होता, आणि तो बरोबरही होता. मात्र त्याच काळात त्याच राज्यात 'लुइझियाना स्टेट नॉर्मल कॉलेज' नावाची आणखी एक संस्था होती, फक्त गोऱ्या विद्यार्थ्यांसाठी, नॅकटिश या गावी. आजची नॉर्थवेस्टर्न स्टेट ती हीच, आणि ते 'नॉर्मल' नाव तिने १९४४ मध्ये सोडले. (जाता जाता : या गावाचे इंग्रजी स्पेलिंग पाहून 'नॅचिटोचेस' लिहिण्याचा मोह होतो, तो आवरावा. तिथले लोक नॅकटिशच म्हणतात.) मी शोध घेतला तो दैनिकांत, म्हणजे गोऱ्यांच्या वृत्तपत्रांत. त्यांत 'नॉर्मल'च्या बातम्या भरभरून होत्या, तारखेसह आणि गुणांसह. मला वाटले घबाड सापडले. मी ते सामने ग्रॅम्बलिंगच्या खात्यात लिहिले आणि तक्ता छापून मोकळा झालो.

चूक लक्षात आणून दिली ती ग्रॅम्बलिंगमधल्या एका वृद्ध माजी विद्यार्थ्याने. अंक घेऊन मी मोठ्या अभिमानाने त्यांच्याकडे गेलो होतो. मराठी त्यांना वाचता येणार नव्हते, म्हणून मी तक्त्यातली प्रतिस्पर्ध्यांची नावे मोठ्याने वाचून दाखवू लागलो. तिसऱ्या नावाला त्यांनी हात वर केला. पॉलिटेक्निक म्हणजे रस्टनचीच, तेव्हा फक्त गोऱ्यांची असलेली संस्था, आजचे लुइझियाना टेक, हे त्यांना मला सांगावे लागले नाही. त्यांनी शांतपणे एवढेच विचारले, की १९४१ साली त्या मैदानाच्या कोणत्या दारातून आमच्या मुलांना आत घेतले असेल असे तुला वाटते? मी रोज त्याच आवारावरून गाडीने जात होतो. त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि पुढच्या वर्षीच्या अंकात चुकीची दुरुस्ती म्हणून छापलेल्या दोन ओळी कोणी वाचल्या असतील असे मला वाटत नाही.

म्हणून माझे आग्रही मत असे, की या विषयात गुणफलक तपासण्याआधी प्रतिस्पर्ध्याचे नाव तपासावे. वर्णभेदाच्या काळात दक्षिणेतला कृष्णवर्णीय महाविद्यालयाचा संघ दक्षिणेतल्या गोऱ्या महाविद्यालयाशी खेळत नव्हता. १९५६ मध्ये तर लुइझियानाच्या विधिमंडळाने संमिश्र वर्णांच्या क्रीडास्पर्धांवर बंदी घालणारा कायदाच केला, जो पुढे न्यायालयाने रद्द ठरवला. तेव्हा १९४१ च्या यादीत सदर्न, प्रेअरी व्ह्यू अशा कृष्णवर्णीय महाविद्यालयांची नावे शोधावीत, आणि पॉलिटेक्निकसारखे एखादे नाव दिसले की ती संपूर्ण बातमीच दुसऱ्या 'नॉर्मल'ची समजावी. रस्टन आणि ग्रॅम्बलिंग एकाच लिंकन पॅरिशमधली (म्हणजे जिल्ह्यातली) गावे, पण त्यांचे फुटबॉल संघ समोरासमोर यायला २०१० साल उजाडावे लागले, आणि तो सामनाही श्रेव्हपोर्टला झाला.

मग खऱ्या बातम्या कुठे मिळतील? कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकांत. 'पिट्सबर्ग कुरियर' आणि 'शिकागो डिफेंडर' ही देशभर वाचली जाणारी पत्रे, आणि राज्यातली 'लुइझियाना वीकली' व 'श्रेव्हपोर्ट सन'. यांतले जे डिजिटल झालेले नाही ते मायक्रोफिल्मवर पाहावे लागते. कष्टाचे काम आहे, पण यंत्राचा दांडा फिरवत बसलात की शोधखिडकीत न सापडणाऱ्या गोष्टी दिसतात. एक खबरदारी घ्या. साप्ताहिकावरची तारीख म्हणजे सामन्याची तारीख नव्हे, त्यामुळे एकच सामना दोन पत्रांतून दोनदा मोजला जातो. तुमच्या तक्त्यातल्या पाचव्या आणि सहाव्या ओळींबाबत मला हीच शंका आहे, मात्र मूळ पाने पाहिल्याशिवाय मी ठामपणे बोलणार नाही. आणखी एक अवघडलेली सूचना : संस्थेच्या जुन्या नावातला 'निग्रो' हा शब्द आज कोणी वापरू नये असाच आहे, पण शोध घेताना तो गाळलात की पुन्हा नॅकटिशला जाऊन पोहोचाल. लेखातही तो केवळ संस्थेच्या नावापुरता ठेवावा.

त्या काळच्या बातम्या इतक्या त्रोटक का, हेही समजून घ्यायला हवे. रॉबिन्सन यांना १९४१ मध्ये अध्यक्ष राल्फ वाल्डो इमर्सन जोन्स यांनी नेमले तेव्हा ते २२ वर्षांचे होते, बॅटन रूजमधल्या एका पशुखाद्याच्या गिरणीत तासाला २५ सेंटवर काम करत होते, आणि इथे त्यांचा पगार महिना ६३ डॉलर ७५ सेंट ठरला. मैदानावरचे गवत कापणे, चुन्याच्या रेघा ओढणे, मुलांच्या घोट्यांना पट्ट्या बांधणे, वाटेतल्या उपाहारगृहांत प्रवेश नसल्यामुळे प्रवासासाठी सँडविच करून घेणे, ही सगळी कामे त्यांचीच होती, आणि सामन्याचा वृत्तांत लिहून वृत्तपत्रांना पाठवणे हेही. म्हणजे जी 'नोंद' तुम्ही आणि मी शोधतो आहोत, ती थकलेल्या प्रशिक्षकाने रात्री बसून लिहिलेली असणार. पुढच्याच वर्षी, १९४२ मध्ये, याच संघाने नऊपैकी नऊ सामने जिंकले आणि संपूर्ण हंगामात एकही गुण गमावला नाही. पुढे १९४८ पासून कॉली निकल्सन हे प्रसिद्धीचे काम पाहू लागले आणि टंकलिखित मजकूर देशभरच्या साप्ताहिकांकडे नियमित जाऊ लागला. त्यामुळे १९४८ नंतरचे तुम्हाला भरपूर सापडेल. अडचण खरी त्याआधीच्या सात वर्षांची आहे.

त्या सात वर्षांतही १९४३ आणि १९४४ मध्ये महायुद्धामुळे महाविद्यालयाचा संघच नव्हता. रॉबिन्सन तेव्हा ग्रॅम्बलिंगच्या हायस्कूलचा संघ पाहत होते. कापूस वेचणीसाठी काही मुलांना वडिलांनी घरी ठेवून घेतले, तेव्हा रॉबिन्सन सगळा संघ घेऊन त्या शेतात कापूस वेचायला गेले, असे सांगितले जाते. ही गोष्ट अवश्य घ्या, पण हायस्कूलचे सामने महाविद्यालयाच्या खात्यात येऊ देऊ नका. याच दोन वर्षांमुळे आणखी एक गोंधळ होतो. १९४१ ते १९९७ ही मोजायला ५७ वर्षे होतात, तरी हंगाम मात्र ५५ च. तुमच्या मसुद्यात '५७ हंगाम' आहे, ते बदला.

विक्रमाच्या वाक्याबाबतही थोडे सांगतो. रॉबिन्सन यांची अंतिम कामगिरी ४०८ विजय, १६५ पराभव आणि १५ बरोबरी अशी आहे. ५ ऑक्टोबर १९८५ रोजी डॅलस येथे प्रेअरी व्ह्यूला २७-७ असे हरवून त्यांनी ३२४ वा विजय मिळवला आणि अलाबामाचे बेअर ब्रायंट यांना मागे टाकले, हे खरे. मात्र 'सर्वाधिक विजय मिळवणारे प्रशिक्षक' असे आज लिहिता येणार नाही. २००३ मध्ये छोट्या महाविद्यालयांच्या गटातले जॉन गॅग्लियार्डी त्यांच्या पुढे गेले. वरच्या गटात पेन स्टेटचे प्रशिक्षक जो पॅटर्नो २०११ मध्ये पुढे गेले, २०१२ मध्ये शिक्षा म्हणून त्यांचे १११ विजय वगळण्यात आले आणि २०१५ मध्ये ते परत देण्यात आले. जुन्या लेखांतले वाक्य जसेच्या तसे उचललेत तर ते कोणत्या वर्षीचे आहे त्यावर खरेखोटे ठरेल.

शेवटी एक मत, पटले तर घ्या. तुमच्या आराखड्यात व्यावसायिक लीगमध्ये गेलेल्या खेळाडूंच्या याद्यांना फार जागा आहे. १९४९ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सकडून खेळलेले टँक यंगर हवेतच, कारण कृष्णवर्णीय महाविद्यालयातून त्या लीगमध्ये जाणारे ते पहिले. जानेवारी १९८८ च्या सुपर बोलमध्ये (त्या लीगच्या अंतिम सामन्यात) वॉशिंग्टनच्या संघाला ४२-१० असा विजय मिळवून देणारे क्वार्टरबॅक डग विल्यम्सही हवेत. पण बाकीच्यांची नामावळी कमी करून दोन गोष्टींना जागा द्या. दक्षिणेतल्या गोऱ्या विद्यापीठांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून कृष्णवर्णीय खेळाडू घ्यायला सुरुवात केली, आणि जी मुले एरवी ग्रॅम्बलिंगलाच आली असती ती तिकडे वळू लागली. रॉबिन्सन यांना शेवटच्या दोन हंगामांत प्रत्येकी तीनच विजय मिळाले, त्यामागे वयाइतकेच हेही कारण आहे असे मी मानतो. दुसरी गोष्ट ऑक्टोबर २०१३ ची. सरावाच्या इमारतींची दुरवस्था आणि बसचे लांबलचक प्रवास यांना कंटाळून खेळाडूंनी जॅक्सन स्टेटविरुद्धच्या सामन्याला जाण्यास नकार दिला आणि सामना सोडून द्यावा लागला. राज्याने निधी कापल्यावर काय होते ते तिथे उघड्यावर आले. तुमच्या आराखड्यात २००२ च्या विजेतेपदानंतर थेट २०१६ चा हंगाम आहे.

मी मायक्रोफिल्मवर पाहिलेल्या साप्ताहिकांच्या तारखांची वही माझ्याकडे आहे. १९४१ ची पाने पूर्ण आहेत, १९४० ची अर्धवट. अक्षर वाईट आहे, पण छायाचित्रे काढून या आठवडाअखेर पाठवतो. तोवर तिसरी ओळ काढून उरलेल्या सामन्यांची बेरीज पुन्हा करून पाहा, आणि पाचव्या-सहाव्या ओळींची मूळ कात्रणे असतील तर मला पाठवा.