ड्रायव्हर व्हायचं राहिलं म्हणून क्रू चीफ? शार्लटला येण्याआधी हे वाच

तुझा मेसेज दोनदा वाचला. तुझं म्हणणं थोडक्यात असं की कोल्हापुरात कार्टिंग केलं, कॉलेजात बाहाची (कॉलेजांच्या स्पर्धेतली ऑफरोड) गाडी बनवली, स्वतः चालवलीही, पण ड्रायव्हर म्हणून पुढं जायला घरात तेवढा पैसा नाही आणि वय २४ झालं, म्हणून आता एमएस करून नॅसकारमधे (अमेरिकेतली स्टॉक कारची सगळ्यात मोठी रेसिंग) क्रू चीफ, म्हणजे शर्यतीत गाडीचे निर्णय घेणारा टीमचा प्रमुख, व्हायचं. त्याला दाखला म्हणून रे एव्हर्नहॅम या गाजलेल्या क्रू चीफचं नाव दिलंयस, तोही आधी ड्रायव्हरच होता म्हणून. आणि शेवटी विचारलंयस की येताना स्वतःची हत्यारं आणू का. हत्यारांचं शेवटी बोलू.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझ्या बोलण्याला किती वजन द्यायचं ते तुझं तू ठरव. मी इचलकरंजीचा, २०१४ ला शार्लटला (नॉर्थ कॅरोलिना) एमएसला आलो, एका टीममधे सिम्युलेशनला होतो, आता रेसिंगवाल्यांचंच काम करणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे. पिट बॉक्सवर (ट्रॅकशेजारची क्रू चीफची उंच बैठक) बसून मी आजवर एकही शर्यत चालवलेली नाही. तिथं बसणाऱ्यांसाठी रात्री जागून आकडेमोड केलीय, बास.

आता एव्हर्नहॅम. दाखला चांगला आहे पण तू अर्धाच वाचलायस. हा माणूस न्यू जर्सीचा, १९५७ चा जन्म, वॉल स्टेडियमसारख्या छोट्या ट्रॅकवर मॉडिफाइड गाड्या चालवायचा. म्हणजे आपल्या भाषेत हातावर पोट असलेला ड्रायव्हर, शनिवारी शर्यत आणि सोमवारी परत गॅरेजात. पण त्याचवेळी तो आयरॉक नावाच्या मालिकेत गाड्या तयार करायला होता, आणि खरी गोम इथं आहे. आयरॉकमधे वेगवेगळ्या प्रकारच्या रेसिंगमधले मोठमोठे ड्रायव्हर सारख्याच गाड्यांत बसवायचे, म्हणजे याचं काम काय, तर सगळ्या गाड्या एकसारख्या करायच्या आणि कुणी येऊन "माझी गाडी वळत नाही" म्हणाला तर ती खरंच वळत नाही की हा उगाच कुरकुरतोय ते ओळखायचं. वर्षानुवर्षं हेच केलं. मग १९९१ मधे फ्लेमिंग्टनला त्याचा मोठा अपघात झाला, डोक्याला मार लागला, आणि ड्रायव्हिंगचं स्वप्न तिथंच संपल्यात जमा झालं. पुढे १९९२ च्या सुरुवातीला अॅलन कुलविकी या स्वतःची टीम चालवणाऱ्या ड्रायव्हरकडे गेला तर दोघांचं पटलं नाही, काही आठवड्यातच बाहेर. मग जेफ गॉर्डन नावाचा पोरगा आणि हा अशी जोडी हेंड्रिक या टीमकडे आली, आणि नोव्हेंबर १९९२ ला अटलांटाला त्यांची पहिली कप (नॅसकारची सगळ्यात वरची मालिका) शर्यत झाली. गॉर्डन २१ चा, एव्हर्नहॅम ३५ चा. गाडी आपटली, ३१ वा नंबर. गंमत बघ, नॅसकारचा दिग्गज ड्रायव्हर रिचर्ड पेटीची ती शेवटची शर्यत, आणि ज्याच्याशी पटलं नव्हतं तो कुलविकी त्याच दिवशी १० पॉइंटांनी चॅम्पियन झाला.

पुढचं तुला पाठ असणार, १९९५, ९७, ९८ असे तीन किताब आणि दोघांचे मिळून ४७ विजय. पण मला विचारशील तर १९९४ ची कोका-कोला ६०० ही शर्यत बघ. शेवटच्या पिट स्टॉपला (टायर-इंधनासाठी थांबतात तेव्हा) रस्टी वॉलेसनं चार टायर घेतले आणि एव्हर्नहॅमनं दोनच. दोन टायरला वेळ कमी लागतो म्हणून गॉर्डन पुढं निघाला आणि आयुष्यातली पहिली कप शर्यत जिंकला. आता हा निर्णय कागदावर कुणीही मांडेल, किती सेकंद वाचतात आणि जुन्या टायरवर लॅपमागे किती जातात, वजाबाकीच आहे. पण दोन जुने आणि दोन नवे टायर घेऊन हा २२ वर्षांचा पोरगा शेवटचे लॅप गाडी सांभाळेल की भिंतीला लावेल, हे वजाबाकीत येत नाही. ते ज्यानं स्वतः तसल्या टायरवर गाडी सांभाळलीय त्यालाच आतून कळतं, असं माझं मत झालंय, आणि ते का झालं ते सांगतो.

मी आलो त्या वर्षी शनिवारी रात्री हिकरीला जायचो. शार्लटपासून गाडीनं साधारण तासाभरावर आहे, १९५१ पासूनचा छोटा ट्रॅक. तिथं एका लेट मॉडेल (छोट्या ट्रॅकवरची स्टॉक कार) गाडीवाल्या म्हाताऱ्याची ओळख झाली, वीसेक वर्षं स्वतः चालवलेला, आता पुतण्या चालवतो आणि हा गाडी बघतो. सरावातून पुतण्या आत आला आणि म्हणाला गाडी लूज आहे, बाहेर पडताना मागची बाजू सुटतेय. मी लगेच लॅपटॉप उघडला, कारण पुस्तकात उत्तर सरळ आहे, वेज (पुढच्या उजव्या आणि मागच्या डाव्या चाकावर मिळून पडणारा भार) वाढवा. म्हाताऱ्यानं काही न बोलता टायरचं तापमान घेतलं, सुई तीन ठिकाणी टोचून, आत, मधे, बाहेर. पुढचा उजवा टायर बाकीच्यांपेक्षा चांगलाच तापलेला. मग पुतण्याला परत पाठवलं आणि स्वतः तिसऱ्या वळणाच्या कुंपणाशी जाऊन उभा राहिला, मला म्हणाला गाडीकडे बघू नको, त्याच्या हातांकडे बघ. वळणाच्या मध्यावर पोरगा स्टिअरिंग नको तेवढं फिरवत होता. म्हणजे गाडी मुळात लूज नव्हतीच, मधे टाइट होती, नाक वळत नव्हतं, म्हणून हा जास्त फिरवायचा आणि बाहेर पडताना पुढच्या टायरांना एकदम पकड मिळाली की मागची बाजू झटक्यात सुटायची. म्हाताऱ्यानं मागच्या डाव्या स्प्रिंगवरचा बोल्ट अर्धा फेरा सैल केला, म्हणजे वेज कमी केला, मी सांगत होतो त्याच्या बरोब्बर उलटं. पुढच्या सरावात पोरगा तक्रार न करता आत आला. मी लॅपटॉप बंद केला आणि टायर उचलायला गेलो.

तर तुझी कार्टिंगची वर्षं वाया गेली असं मी म्हणणार नाही, उलट एसओपीमधे (अॅडमिशनच्या अर्जातलं निवेदन) तेच वर लिही. रॉडनी चिल्डर्स हा क्रू चीफही कार्टिंगमधूनच आला आणि २०१४ ला केविन हार्विकला चॅम्पियन करून दाखवलं. ख्रिस गेबहार्टही लेट मॉडेल चालवायचा, शिवाय पर्ड्यूचा मेकॅनिकल इंजिनिअर, आणि २०१९ ला डेनी हॅमलिनबरोबर क्रू चीफ म्हणून पहिल्याच शर्यतीत डेटोना ५०० ही नॅसकारची सगळ्यात मानाची शर्यत जिंकला. आता हवा गेबहार्टसारख्यांची आहे. २०२२ पासून नवीन गाडी आली, तिचे बरेचसे भाग ठरलेल्या पुरवठादारांकडूनच घ्यावे लागतात, त्यामुळे एव्हर्नहॅमच्या काळात जशी वर्कशॉपमधे डोकेबाजी चालायची (१९९७ ला टी-रेक्स म्हणून गाडी बनवली, ती शर्यत जिंकली आणि नॅसकारनं सांगितलं परत आणू नका!) तसं आता चालत नाही. भागाला हात लावला की संपलं. २०२३ मधे हेंड्रिकच्या चारही क्रू चीफना बॉनेटवरच्या लूव्हरवरून (हवा बाहेर सोडणाऱ्या फटी) प्रत्येकी १ लाख डॉलर दंड आणि चार शर्यतींची बंदी झाली. म्हणजे दंड आणि बंदी क्रू चीफच्या नावावर फाडली जाते, हेही त्या खुर्चीबरोबर येतं.

आता कडू भाग. हे सगळे लोक इथलेच. त्यांना दहा वर्षं छोट्या ट्रॅकवर धडपडायला कुणाची परवानगी लागली नाही. तुझ्यामाझ्याकडे घड्याळ असतं. डिग्रीनंतर ओपीटीचे (विद्यार्थी व्हिसावर काम करायची मुभा) १२ महिने आणि स्टेमचे (विज्ञान-इंजिनिअरिंगवाल्यांना वाढीव) २४, एकूण ३६, आणि त्यातही पहिल्या वर्षी ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. स्टेमचे २४ हवे असतील तर कंपनी ई-व्हेरिफाय मधे (कामाची परवानगी तपासायची सरकारी ऑनलाइन व्यवस्था) पाहिजे, शनिवारच्या गाडीवाल्या म्हाताऱ्याला ते काय असतं तेही माहीत नसतं. त्यानंतर एच-१बी (नोकरीचा व्हिसा), वर्षाला ८५ हजार जागा, लॉटरी. वर सप्टेंबर २०२५ मधे नवीन अर्जांवर १ लाख डॉलरची फी जाहीर झालीय, ती कुणाला लागू आणि कुणाला नाही हे वकिलाकडूनच समजून घे, व्हॉट्सअॅपवरून नको. मेकॅनिक म्हणून शिरून वर चढायचा जो जुना रस्ता आहे तो आपल्याला जवळपास बंद, कारण त्या कामाला एच-१बी बसत नाही. पिट क्रूचाही (पिट स्टॉपला टायर बदलणारी मंडळी) विचार सोड. एव्हर्नहॅमनंच स्टॅनफर्डचा एक फुटबॉल खेळाडू आणून पिट स्टॉपची रीतसर तालीम सुरू केली, तेव्हापासून तिथं कॉलेजातले खेळाडू असतात. तुझा दरवाजा इंजिनिअरचाच, म्हणजे व्हेइकल डायनॅमिक्स, सिम्युलेशन, टायर डेटा. तिथून रेस इंजिनिअर आणि नशिबात असेल तर पुढे क्रू चीफ.

आणि शनिवारी कुणाच्या गाडीवर फुकट हात काळे करणार असशील तरी कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला आधी लेखी विचार. पैसे घेतले नाहीत म्हणून ते काम ठरत नाही असं नसतं. मी उशिरा विचारलं, नशीब की निस्तरलं.

नोकरीचीही खात्री धरू नकोस. माझ्या टीमचा स्पॉन्सर नोव्हेंबरात गेला आणि थँक्सगिव्हिंगच्या आधी आम्हा सहा जणांना बोलावून नारळ दिला. एच-१बीवर ६० दिवस मिळतात नवीन नोकरी शोधायला, त्यातले निम्मे दिवस सगळे सुट्टीवर. बायको तेव्हा सात महिन्यांची गरोदर. मी काही एकटाच नाही, चिल्डर्ससारख्या चॅम्पियन माणसाचंही २०२५ मधे नव्या टीमशी नऊ शर्यतींतच फाटलं. म्हणून शेत किंवा घर तारण ठेवून कर्ज काढणार असशील तर माझा सल्ला स्पष्ट नाही असाच आहे. आधी पुण्याच्या एखाद्या कंपनीत दोन वर्षं टायर किंवा सस्पेन्शनचं काम कर, डोक्यावरचं कर्ज कमी होईल आणि इथं मुलाखतीत सांगायलाही काहीतरी राहील.

कॉलेजचं म्हणशील तर यूएनसी शार्लट चांगलं, मोटरस्पोर्ट्सची वेगळी लॅब आहे, त्याच कुलविकीच्या नावाची (तोही इंजिनिअर होता, किताब जिंकून पाच महिने होतायत तोच विमान अपघातात गेला). टीम्स सगळ्या आसपास, कॉनकर्ड, हंटर्सविल, मूर्सविल. गाडी नसेल तर इथं तुझं काही होणार नाही, बसनं मूर्सविलला जाऊन नोकरी करणारा मी तरी पाहिला नाही. आपली माणसं भरपूर, गणपती जोरात होतो, पण रेसिंगमधे आपलं कुणी शोधायला गेलास तर बोटावर मोजण्याइतके. आपला ड्रायव्हर नारायण कार्तिकेयन २०१० ला नॅसकारच्या ट्रक सिरीजमधे आला होता, मार्टिन्सविलला पहिल्याच शर्यतीत १३ वा आला, अजूनही कुणी जुना मेकॅनिक मला "इंडिया?" म्हणून त्याचंच नाव घेतो. टीमबरोबर फिरणाऱ्या माणसाचे फेब्रुवारी ते नोव्हेंबर जवळपास सगळे शनिवार-रविवार गेले असं धर, कपच्या नुसत्या पॉइंटच्या शर्यतीच ३६ आहेत. लग्नाचं ठरत असेल तर हे मुलीला आधी सांग.

हत्यारं आणू नकोस. तुझे पाने मिलिमीटरचे, आणि लेट मॉडेलवर बहुतेक सगळं इंचात. पहिल्या शनिवारी मी १३ नंबरचा पाना अर्ध्या इंचाच्या नटाला लावला, थोडा ढिला बसला, म्हटलं चालतंय की, आणि नटाचे कोपरे घासून गोल करून ठेवले. म्हाताऱ्यानं ओरडायचं सोडून स्वतःच्या पेटीतला अर्धा इंचाचा पाना हातात दिला, तो अजून माझ्याकडेच आहे, परत करायचा राहिलाय. एक चांगला टायर प्रेशर गेज तेवढा घे, तोही इथं आल्यावर, पीएसआयमधे नीट वाचता येईल असा.