स्वप्न आहे हे कळलं रे कळलं की जाग येते, त्याबद्दल

स्वप्न चालू असतानाच ते स्वप्न आहे हे ओळखून त्यातच राहायचं, हा खेळ तुम्ही शिकताय. इंग्रजीत त्याला 'ल्युसिड ड्रीमिंग' म्हणतात. तुम्ही लिहिलंय की 'अरे, हे तर स्वप्न!' असं कळतं आणि त्याच क्षणी जाग येते. आणि परवा तर उठून तोंड धुतलं, चहा टाकला, तेव्हा कळलं की तेही स्वप्नातच चाललं होतं. घाबरू नका. माझंही याच क्रमाने झालं होतं.

मी तेव्हा लालबागला चाळीत राहायचो आणि एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होतो. पाळी संपवून एकच्या सुमाराला अंग टाकायचं, साडेपाचला पाणी यायचं. पिंप, कळशा, बादल्या भरून सहाला पुन्हा आडवं व्हायचं. अशाच एका सकाळी स्वप्नात प्रूफ तपासत बसलो होतो. 'परिक्षा' दिसलं, वेलांटी दीर्घ केली. परत नजर टाकली तर पुन्हा ऱ्हस्व. पुन्हा दुरुस्त केलं. तिसऱ्यांदा पाहिलं तर तिथे 'परिक्रमा'! इतका बेशिस्त मजकूर जागेपणी कुठल्याच बातमीदाराने दिला नव्हता. लख्ख कळलं, हे स्वप्न आहे. आनंदाने ओरडलो आणि चटईवर डोळे उघडले. सगळा खेळ चार-पाच सेकंदांचा.

पुढे वाचनात आलं तेव्हा कळलं की श्रेय माझं नव्हतं, नळाचं होतं. झोपेची चक्रं साधारण नव्वद मिनिटांची असतात. ठसठशीत स्वप्नं जिच्यात पडतात ती रेम झोप रात्रीच्या पहिल्या भागात थोडी आणि पहाटेकडे लांबत जाणारी. साडेचार तास झोपून अर्धा तास पुरता जागा राहिलो आणि परत झोपलो, म्हणजे मेंदू थोडा जागा असतानाच थेट रेमच्या दारात गेलो. हा खेळ शिकणारे लोक मुद्दाम गजर लावून हेच करतात.

आता तुमची मुख्य अडचण. जाग येते ती बहुतेक उत्तेजनेमुळे. कळल्याबरोबर आपण उडायला जातो, कोणाला तरी हाक मारतो. पहिली दहा सेकंदं काहीही पराक्रम करू नका. स्वप्नातले तळहात एकमेकांवर चोळा, भिंतीला हात लावा, ती गार आहे की खरबरीत ते बघा. लक्ष स्वप्नातल्या शरीरात राहिलं की पलंगावरच्या शरीराकडे जात नाही. दृश्य विरायला लागलं तर जागच्या जागी गिरकी घ्या. ही युक्ती स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या स्वप्न-संशोधक स्टीफन लाबर्ज यांची. मला गिरकी कधी साधली नाही, दर वेळी नव्याच खोलीत पोचतो. हात चोळणं मात्र कामी आलं. आणि तरीही जाग आलीच तर डोळे उघडू नका, कूस बदलू नका. पुष्कळदा मिनिटाभरात परत आत जाता येतं.

हे सगळं मनाचे खेळ आहेत असं तुमचे मित्र म्हणतात, त्यांना एवढं सांगा. रेम झोपेत हातापायांचे स्नायू लुळे पडलेले असतात, पण डोळे हलतात. १९७५ मध्ये इंग्लंडात हल विद्यापीठात संशोधक कीथ हर्न यांनी याचाच उपयोग केला. ॲलन वर्स्ली या माणसाने झोपेत, स्वप्न चालू असताना, आधी ठरवल्याप्रमाणे डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवून खूण दिली आणि ती यंत्रावर उमटली. लाबर्ज यांनीही पुढे स्वतंत्रपणे हेच दाखवलं.

त्या लुळेपणाची दुसरी बाजूही सांगून ठेवतो. कधी मन आधी जागं होतं आणि शरीर मागे राहतं. हलता येत नाही, छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं, विशेषतः उताणं झोपल्यावर. आमच्या आजीने यावर उशाखाली अडकित्ता ठेवला होता. अडकित्त्याने काही होत नाही, पण काही सेकंदांत, फार तर एक-दोन मिनिटांत ते आपोआप सुटतं हे माहीत असलं की पुरतं.

दिवसा एक सवय लावा, म्हणजे स्वप्नातही ती आठवेल: पाटी वाचायची, नजर हटवायची, पुन्हा वाचायची. स्वप्नात अक्षरं सहसा बदलतात. मी दादर स्टेशनवर फलाटाच्या नंबरावर हे करायचो. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेच्या बाजूचा एक नंबरचा फलाट आठ नंबरचा झाला, तेव्हा दोन दिवस जागेपणीच संशय येत होता. शिवाय रात्री झोपताना मनाशी म्हणा, 'पुढच्या स्वप्नात मला आठवेल की हे स्वप्न आहे.' येताना कोथिंबीर आणायची असते ना, तसं. तेवढ्याच साधेपणाने, मंत्र म्हणून नको. चाचणी मात्र निरुपद्रवीच हवी. उडता येतं का हे गॅलरीतून बघू नका. आणि आठवड्यातून एक-दोन सकाळींपेक्षा जास्त झोप मोडू नका. ज्यांना भास होण्याचा आजार आहे किंवा होता, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊच नये.

राहिलं खोटी जाग येण्याचं, म्हणजे स्वप्नातच उठल्यासारखं वाटण्याचं. उठल्या उठल्या दोन गोष्टी करा. दिव्याचं बटण दाबा. स्वप्नात दिवे बरेचदा लागत नाहीत, आणि मुंबईत लाइट इतकी क्वचित जाते की अंधार राहिला तर संशय घ्यायलाच हवा. दुसरं, नाक चिमटीत धरून श्वास घेऊन बघा. स्वप्नात तो आत येतो. एका पहाटे मी लागोपाठ तीनदा उठलो. पहिल्यांदा पिंप भरलं, दुसऱ्यांदा बटण दाबलं तर अंधारच. तिसऱ्यांदा दिवा लागला, तरी नळाशी जाण्याआधी खात्री म्हणून नाक दाबून उभा राहिलो. बायको झोपेतच म्हणाली, "कसला वास येतोय?"