बचावपटू ते प्रशिक्षक : बर्टी फोग्ट्स

प्रश्न : १९७४ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हॉलंडच्या योहान क्रॉयफला रोखणारे बर्टी फोग्ट्स पुढे जर्मनीचे प्रशिक्षक झाले, हे खरे काय? तेथे त्यांना यश मिळाले का? – एक वाचक, सांगली

उत्तर : होय. म्युनिकच्या त्या सामन्याची सुरुवात मात्र त्यांच्यासाठी वाईटच झाली. क्रॉयफ त्यांना चकवून पुढे गेला, हॉलंडला पेनल्टी मिळाली आणि चौथ्याच मिनिटाला फोग्ट्स यांना पिवळे कार्ड दिसले. त्यानंतर दुसऱ्या कार्डाचा धोका डोक्यावर असताना त्यांनी क्रॉयफची जी पाठ धरली, ती शेवटपर्यंत सोडली नाही, आणि पश्चिम जर्मनीने सामना २-१ असा जिंकला. ‘टेरियर’ (चिवट शिकारी कुत्रा) हे टोपणनाव त्यांना शोभणारेच होते. क्लबपातळीवर ते १९६५ ते १९७९ बोरुसिया म्योंशनग्लाडबाखकडूनच खेळले व पाच वेळा बुंडेसलिगा या जर्मनीच्या अव्वल लीगचे विजेते ठरले.

१९९० मध्ये जर्मनीचे प्रशिक्षक बेकेनबाउअर यांनी विश्वचषक जिंकून पद सोडले आणि त्यांचे सहायक फोग्ट्स त्या जागी आले. असा वारसा म्हणजे ओझेच. १९९२ च्या युरो (युरोपीय राष्ट्रांच्या) स्पर्धेच्या अंतिम सामन्यात डेन्मार्ककडून, तर १९९४ च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत बल्गेरियाकडून पराभव झाल्याने टीका वाढली. तथापि १९९६ मध्ये वेम्बलीवर बिअरहॉफच्या ‘गोल्डन गोल’मुळे (जादा वेळेतील पहिला गोल, जो होताच सामना संपे) चेक प्रजासत्ताकाला हरवून त्यांनी युरो चषक मिळवला. आमच्या मते त्या यशाचे श्रेय त्यांना पुरेसे मिळाले नाही. १९९८ च्या विश्वचषकात क्रोएशियाकडून ०-३ अशा पराभवानंतर काही आठवड्यांतच ते पायउतार झाले आणि पुढे कुवेत, स्कॉटलंड, नायजेरिया व अझरबैजान या संघांचे प्रशिक्षक राहिले.