माहेरचं गुपित नवऱ्याला सांगायचं का?

"नवऱ्यापासून लपवलं तर त्याची फसवणूक, सांगितलं तर भावाला दिलेला शब्द मोडल्यासारखं. मी करू काय?" हा पेच समुपदेशक म्हणून माझ्याकडे या ना त्या रूपात येतच असतो. त्यातला एका विवाहितेचा अनुभव तिच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून सांगते.

तिच्या धाकट्या भावाला ऑनलाइन जुगाराचं व्यसन लागलं होतं. आईवडिलांनी कर्ज फेडलं, उपचार केले. "दाजींना कळता कामा नये," असं त्याने ताईकडून वदवून घेतलं. नवरा मेहुण्याची फारशी चौकशी करायचा नाही, त्यामुळे खोटं बोलायची वेळही तिच्यावर क्वचितच आली. तरी झोप उडालेली! मला याचं नवल वाटलं नाही. मानसशास्त्रज्ञ मायकेल स्लेपियन आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या संशोधनातही हेच दिसलं. गुपित कुणापासून प्रत्यक्ष लपवावं लागण्यापेक्षा ते एकट्याने मनात घोळवणं जास्त वेळा घडतं, आणि माणूस पोखरला जातो तो त्या घोळवण्याने.

इथवरच असतं, तर 'नाही सांगितलंस तरी चालेल' असंच मी म्हणाले असते. भावाचा आजार ही भावाची खाजगी बाब. लग्न झालं म्हणून जोडीदाराच्या सगळ्या गोतावळ्याच्या कपाटांच्या किल्ल्या आपल्या हाती येत नाहीत. (हे वाक्य नवरे मंडळींना सहसा आवडत नाही. स्वतःच्या भावाबहिणींचा विषय निघाला की पटतं.)

पण भावाने व्यवसायासाठी कर्ज काढायचं ठरवलं आणि जामीनदार म्हणून दाजींचं नाव पुढे केलं. ती म्हणाली, "आता तो सुधारलाय हो." सुधारला असेलही. पण जुगाराचं व्यसन उपचारांनंतरही पुन्हा डोकं वर काढू शकतं, आणि हप्ते थकले तर बँक जामीनदाराच्या दारात उभी राहते. म्हणजे आता सही नवऱ्याची, जोखीम नवऱ्याची, आणि ती जोखीम किती मोठी आहे हे माहीत नसलेला घरात एकटा तोच. अशा वेळी गप्प राहणं म्हणजे त्याचा निर्णय त्याच्या नकळत आपणच घेऊन टाकणं.

मी तिला परस्पर नवऱ्याकडे पाठवलं नाही. गुपित भावाचं होतं, तेव्हा सांगायची पहिली संधी त्याची. "रविवारपर्यंत तू दाजींशी बोल, नाहीतर मी बोलेन," एवढंच तिने त्याला सांगायचं. आणि नवऱ्याला सांगायचं, "सही करू नकोस. कारण आत्ता विचारू नकोस, रविवारनंतर सगळं सांगते." असा अर्धवट खुलासा चार दिवस टिकतो. महिने काढता येत नाहीत.

भाऊ भडकला, तिच्याशी बोलणं टाकलं. तरीही दाजींकडे गेला, आणि फक्त "पूर्वी जरा कर्ज झालं होतं" म्हणून परतला. जुगाराचं तिलाच सांगावं लागलं.

पुढे नवरा-बायको दोघं माझ्याकडे एकत्र आली. जोडप्यासोबत काम सुरू करताना मी आधीच सांगते की एकाने मला कानात सांगितलेलं दुसऱ्यापासून मी लपवून ठेवणार नाही. नवऱ्याला जुगाराचं विशेष काही वाटलं नव्हतं. त्याला लागलं होतं ते वेगळंच. "सासूबाईंना माहीत, सासऱ्यांना माहीत. जेवायच्या टेबलावर मी एकटाच परका?" यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं, आणि मीही तिला ते सुचवलं नाही. ते तिने ऐकून घेणंच गरजेचं होतं.

जामीनकीला त्याने नकार दिला. मग विचारलं, "आणखी काही आहे?" ती म्हणाली, "आईची एक गोष्ट आहे. तुझ्या पैशाशी, तब्येतीशी किंवा आपल्या मुलांशी तिचा काही संबंध नाही. ती मी सांगणार नाही." त्याला ते मुळीच आवडलं नाही. पुढच्या दोन भेटी त्यातच गेल्या. तिसऱ्या भेटीत मात्र तो स्वतःच्या बहिणीबद्दल बोलायला लागला, आणि मध्येच थांबून म्हणाला, "हे तिला विचारून मग सांगतो."