‘टोन’ हा शब्द सहा वेळा

“मीच फार मनाला लावून घेतेय का?”

माझ्या खोलीत हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. कुणाला सासूवरून पडलेला असतो, कुणाला नवऱ्यावरून. न्यू जर्सीत समुपदेशन सुरू केल्यापासून तो कृष्णवर्णीय बायकांकडून बराच ऐकलाय, आणि त्यांचा रोख जवळजवळ नेहमी ऑफिसकडे असतो. त्यातली एक हकिकत सांगते. तिची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

वय ४३, औषध कंपनीच्या फायनान्स विभागात ११ वर्षं. विम्याच्या यादीत संध्याकाळी सातची वेळ फक्त माझ्याकडे होती, म्हणून आली. पाठवलं होतं डेंटिस्टने. झोपेत दात इतके खायची की एका दाढेचा कोपरा उडाला होता. “रात्री लावायची पट्टी मी देतो, पण दात का खाता ते दुसऱ्या कुणाला तरी विचारा,” असं तो म्हणाला. शहाणा माणूस. आपल्याकडे राग आला की माणूस दातओठ खातो म्हणतात. ही दिवसा हसत होती आणि रात्री खात होती.

पहिल्याच भेटीत तिने मोबाइलवर एक ईमेल दाखवला. मजकूर तीन ओळींचा: तुमच्या विभागाचे आकडे आलेले नाहीत, गुरुवारपर्यंत लागतील. तो तिने सात वेळा लिहिला होता. तिसऱ्या खेपेला ‘लागतील’चं ‘मिळाले तर बरं होईल’ झालं. पाचव्या खेपेला वीकेंड कसा गेला याची चौकशी आली. सातव्यात दोन उद्गारचिन्हं आणि एक हसरा चेहरा. चाळीस मिनिटं गेली होती. ताकसुद्धा फुंकून पिणारं माणूस समोर असलं की दुधाने तोंड कधी पोळलं ते विचारावं लागतं. मी विचारलं.

तिने पिशवीतून अप्रेझलचे कागद काढले. चार वर्षांचे, पिवळ्या पेनाने रंगवलेले. ‘टोन’ हा शब्द सहा वेळा. दोनदा ‘आक्रमक’. एकदा ‘सहकाऱ्यांना दडपण येतं’. आकड्यांत चूक काढलेली एकही ओळ नव्हती. आणि दोन वर्षांपूर्वी आलेला तिचा मॅनेजर? भिंतीवरच्या माझ्या प्रमाणपत्रावरचं आडनाव वाचत ती म्हणाली, “तुमच्याकडचाच आहे.” त्याने तिला प्रेमाने सल्ला दिला होता: मीही बाहेरून आलोय, मान खाली घालून काम केलं की सगळं मिळतं, तू जरा हसत जा.

तो सल्ला मी शंभर घरांत ऐकलाय. कदाचित म्हणूनच माझ्या तोंडून चुकीचा प्रश्न गेला. “त्याला तसं म्हणायचं नसेल, याची शक्यता किती वाटते?”

हा आमच्या धंद्यातला रोजचा प्रश्न. मनात विचार आला की त्याच्या बाजूचा पुरावा मांडायचा, विरुद्ध बाजूचा मांडायचा, मग ठरवायचं. ‘मैत्रिणीने फोन उचलला नाही म्हणजे ती रागावलीय’ असं वाटणाऱ्याला याचा फार उपयोग होतो. ती मात्र गप्प झाली. पर्स मांडीवर घेतली आणि म्हणाली, “हे मी सकाळी आठपासून करते. पैसे मोजून इथेही तेच करायचं का?”

पुढच्या वेळी ती येईल असं मला वाटलं नव्हतं. आली. मी आधी माफी मागितली. कारण तिची शंका हा आजार नव्हताच. प्रत्येक प्रसंगात विरुद्ध बाजूची वकिली तिनेच करायची, हेच तिला पोखरत होतं, आणि मी त्या कामाची आणखी एक पाळी लावून दिली होती.

मग आम्ही सुटे प्रसंग बाजूला ठेवून ११ वर्षं सलग पाहिली. पहिली काही वर्षं ती विभागाची लाडकी. कंपनीच्या माहितीपत्रकावर तिचा फोटो, डायरेक्टर तिला ‘आमचा हिरा’ म्हणत पाहुण्यांपुढे न्यायचा. मग १४ जणांची टीम तिच्या हाताखाली आली. ‘टोन’ त्याच वर्षी सुरू झाला. आवाज तोच, बोलणं तेच, फक्त खुर्ची बदलली. मानसशास्त्रज्ञ केशिया थॉमस यांनी २०१३ मध्ये नेमकं हेच ‘पेट टू थ्रेट’, म्हणजे लाडकी ते धोका, या नावाने मांडलं होतं: कृष्णवर्णीय बाई शिकाऊ असेपर्यंत कौतुकाची असते आणि अधिकारावर आली की धोका वाटायला लागते. हे सांगितल्यावर ती रडली नाही. “म्हणजे याला नाव आहे,” म्हणाली आणि बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसली.

एचआरकडे ती जाऊन आली होती. तिथलं उत्तर असं: वरच्या फळीत तीन बायका आहेत, एक कृष्णवर्णीय व्हाइस प्रेसिडेंटसुद्धा आहे, मग भेदभाव कसा असेल? बायका तिन्ही गोऱ्या होत्या आणि व्हाइस प्रेसिडेंट पुरुष.

हे उत्तर जुनं आहे. जनरल मोटर्सविरुद्ध पाच कृष्णवर्णीय बायका कोर्टात गेल्या होत्या. कंपनीने १९६४ पूर्वी कृष्णवर्णीय बायकांना जवळजवळ घेतलंच नव्हतं. पुढे कपात आली, नंतर आलेले आधी बाहेर असा नियम लावला, आणि त्या आपोआप बाहेर पडल्या. १९७६ साली मिसूरीतल्या कोर्टाने सांगितलं की बायका म्हणून तक्रार करा किंवा वंशावरून करा, दोन्हींची मोट बांधून नवा दावा उभा करता येणार नाही. कंपनीने बायकांना तर नोकऱ्या दिल्याच होत्या. त्या बायका गोऱ्या होत्या, एवढंच. किंबर्ले क्रेनशॉ या कायद्याच्या प्राध्यापिकेने १९८९ मध्ये याच निकालावर बोट ठेवून दाखवलं की दोन रस्ते मिळतात तिथे उभ्या असलेल्या बाईला दोन्हीकडून धक्का बसतो आणि कुठल्याच रस्त्याच्या हिशेबात तो धरला जात नाही.

आता आपल्या लोकांचा नेहमीचा शेरा: “असं तर आपल्यालाही होतं.” होतं की. माझ्या उच्चारांवर हसलेत, नावाची चिरफाड केलीय. पण माझा आवाज चढला तर लोकांना मी दमलेय असं वाटतं, तिचा चढला तर भीती वाटते. लिफ्टमध्ये माझ्या केसांत कुणी न विचारता बोटं घातलेली नाहीत. ती शनिवारी सहा तास बसून वेण्या घालून आली, तर ११ वर्षं दारावर असलेल्या गार्डने सोमवारी तिचं ओळखपत्र मागितलं. केसांवरून नोकरीत भेदभाव करायला न्यू जर्सीत डिसेंबर २०१९ पासून कायद्याने बंदी आहे. गार्डच्या नजरेला कुठला कायदा लावणार? आणि आपल्या पॉटलकमध्ये या लोकांसाठी जो शब्द सहज उडतो, तो इथे लिहायला मला लाज वाटते. तो ऐकत मोठी झालेली मुलं उद्या कुणाचे ना कुणाचे मॅनेजर होणार आहेत.

तिच्यासोबत काम केलं ते साधंच. एक वही, ऑफिसच्या लॅपटॉपवर नाही, घरची. डाव्या पानावर फक्त घडलं ते: तारीख, कोण, नेमके शब्द, समोर कोण होतं. उजव्या पानावर शरीर: जबडा, झोप, डोकं. ‘त्याला काय म्हणायचं असेल’ याला वहीत जागाच ठेवली नाही. तीन आठवड्यांत डाव्या पानावर नऊ नोंदी झाल्या आणि “मीच मनाला लावून घेतेय का” हा प्रश्न तिने विचारायचा सोडला. उत्तर सापडलं म्हणून नव्हे. वही होती, डोक्यात धरून ठेवायची गरज उरली नाही.

मी वकील नाही, म्हणून तिला नोकरीविषयक खटले चालवणाऱ्या वकिलाकडे पाठवलं, आणि तेही लवकर. न्यू जर्सीत केंद्राच्या समान रोजगार आयोगाकडे तक्रार करायला घटनेपासून ३०० दिवस मिळतात, राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे १८०. जिवाला बरं वाटलं की मग बघू, असं म्हणत बसणाऱ्यांचे हे दिवस निघून जातात. तक्रार करायचीच असं मी कुणाला सांगत नाही. घर कर्जावर असतं, मुलगी कॉलेजात असते. पण दार कधी बंद होतं ते तरी माहीत असावं.

तिने तक्रार केली. पुढे काय झालं ते सह्यांच्या कागदात बंद आहे, त्यामुळे इथे येणार नाही. विभाग बदलला, एवढं सांगायला हरकत नाही.

शेवटच्या भेटीत तिने पुन्हा मोबाइल पुढे केला. “आकडे आलेले नाहीत. गुरुवारपर्यंत लागतील.” खाली नाव. उद्गारचिन्ह नाही. समोरून उत्तर आलं होतं: “बुधवारी देतो.”

दातांची पट्टी ती अजून रात्री लावते.